ऑटो-निगोशिएशन की हाताने ठरवलेलं डुप्लेक्स?

नेटवर्क स्विचच्या पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही टोकांनी एकाच वेळी पाठवायचं की आळीपाळीने) दोन प्रकारे ठरतात: दोन्ही टोकांच्या आपसांतल्या बोलणीतून, म्हणजे ऑटो-निगोशिएशनने (थोडक्यात ऑटो), किंवा आपण हाताने पक्के करून.

हाताने पक्कं करणं भरवशाचं वाटतं, पण खरा घोळ तिथेच होतो. एका टोकाला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स (दोघांनी एकाच वेळी पाठवायचं) पक्कं केलं आणि दुसरं ऑटोवर राहिलं, तर ऑटोवालं टोक सिग्नलवरून वेग ओळखतं. डुप्लेक्स मात्र त्याला कळत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते हाफ (आळीपाळीने पाठवायचं) धरतं. आता एक बाजू हवं तेव्हा पाठवते आणि दुसरी त्यालाच टक्कर समजून थांबते. हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा). लिंकचा दिवा पेटलेला, पिंगही (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित. मोठी फाइल मात्र रखडते. म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही.

ऑटोमध्ये ही विसंगती टळते. शिवाय इथरनेटच्या ८०२.३एक्स मानकातल्या (१९९७) पॉज फ्रेम (समोरच्याला थोडा वेळ थांबायला सांगणारे संदेश) वापरायच्या का, हेही त्याच बोलणीत ठरतं. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो लागतंच.

मी ऑटोच ठेवायला सांगेन. एखादं जुनं उपकरण ते धड करत नसेल, तरच हाताने ठरवा, आणि तेही दोन्ही टोकांना सारखंच.