फ्रँचायझी घ्यावी की स्वतःची पाटी लावावी?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकला की एसी सर्व्हिसवाल्याचा फोन थांबत नाही. हाच धंदा दोन वाटांनी करता येतो: कंपनीची फ्रँचायझी, म्हणजे तिचं नाव आणि पद्धत वापरायची परवानगी घेऊन, किंवा स्वतःच्या नावाने.

कमी खर्चाच्या फ्रँचायझीत मालात पैसा अडकत नाही. जेट पंप, गेज, शिडी, दुचाकी, झालं. प्रशिक्षण आणि दरपत्रक कंपनीचं. मुख्य म्हणजे नाव आयतं मिळतं. भुसावळला बदलून आलेला रेल्वेचा माणूस गल्लीत कुणाला ओळखत नाही, तो ओळखीची पाटीच शोधतो. मात्र रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल कंपनीचा हिस्सा, जाते, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

स्वतःच्या नावाने केलं तर रॉयल्टी नाही, दर आपला, उधारीही आपलीच. ‘भाऊ, केळीचे पैसे आले की देतो’ हे रावेरकडे किती ऐकायचं! फ्रँचायझीवाला छापील दर दाखवून सुटतो.

मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जासाठी दोन्हीकडून अर्ज करता येतो. शिशु या सर्वात लहान गटात ५० हजारांपर्यंत.

हात बसलेला नसेल तर मी फ्रँचायझीच सुचवेन. फक्त ‘या तालुक्यात दुसऱ्याला फ्रँचायझी देणार नाही’ असं करारात लिहून घ्या. माझ्या मित्राने घेतलं नाही. सहा महिन्यांत अमळनेरात त्याच नावाची दुसरी पाटी लागली, तीही त्याच रस्त्यावर.