विल, गोइंग टू की आणखी काही? इंग्रजी भविष्यकाळाचं रूप निवडताना

'उद्या मी त्याला भेटणार आहे.' हे इंग्रजीत सांगायचं तर निदान तीन वाक्यं तोंडाशी येतात: आय विल मीट हिम, आय ॲम गोइंग टू मीट हिम, आय ॲम मीटिंग हिम. उद्याचा दिवस तिन्हींत तोच आहे. फरक आहे तो ठरलं कधी आणि कितपत पक्कं ठरलं, यात. निवड करताना मी हेच दोन प्रश्न विचारतो.

मराठीत 'जा'चं 'जाईन' होतं. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा असा स्वतःचा प्रत्ययच नाही. म्हणून कित्येक व्याकरणकार इंग्रजीत वर्तमान आणि भूत हे दोनच काळ मानतात. पुढचं बोलायला दुसरेच शब्द कामाला लावले गेले: 'विल' म्हणजे मुळात इच्छा असणं, 'शॅल' म्हणजे देणं लागणं, 'गोइंग टू' म्हणजे निघणं. खुद्द 'फ्यूचर' लॅटिनमधून आला. मूळ अर्थ 'होऊ घातलेलं'. त्यातला 'फू' आणि आपल्या 'भविष्य'मधला 'भू' धातू एकाच मुळाचे आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

खरी ओढाताण विल आणि गोइंग टू यांच्यात होते. फोन वाजला आणि त्याच क्षणी तुम्ही उठलात, तर 'आय विल गेट इट'. निर्णय बोलता बोलता झाला. नोकरी सोडायचं महिनाभर मनात घोळून पक्कं झालं असेल, तर 'आय ॲम गोइंग टू क्विट'. अंदाजातही असाच भेद आहे. आभाळ भरून आलेलं दिसतंय, तर 'इट इज गोइंग टू रेन'. नुसतं आपलं मत असेल, तर 'आय थिंक ही विल विन'. मराठी कान इथे बराच उपयोगी पडतो: 'जिंकेल' म्हणावंसं वाटलं तर विल, 'सोडणार आहे' म्हणावंसं वाटलं तर गोइंग टू. दर वेळी हे तंतोतंत जुळत नाही, पण सुरुवातीला मी याच कानावर भरवसा ठेवायला सांगेन.

दोन जागी मात्र हाच कान फसवतो. 'थांब, मी दार उघडतो' यात आपण वर्तमानकाळ वापरतो, म्हणून 'आय ओपन द डोअर' निघून जातं. तिथे 'आय विल ओपन' हवं. दुसरी जागा शेवटी सांगतो, कारण ती चूक सर्वांत चिवट आहे.

आता 'आय ॲम मीटिंग'. दुसऱ्या माणसाशी बोलणं झालंय, वेळ ठरलीय, तेव्हा हे रूप शोभतं. दाताच्या डॉक्टरकडे जायचं नुसतं मनात असेल तर 'गोइंग टू सी'. चारची वेळ घेतली असेल तर 'आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ॲट फोर'. पाऊस कुणाशी वेळ ठरवत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' चुकतं. गाड्यांच्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'.

उरलेल्या दोन रूपांसाठी 'वाजता' आणि 'वाजेपर्यंत' एवढं लक्षात ठेवा. आठ वाजता काम चालू असेल: 'आय विल बी वर्किंग'. आठ वाजेपर्यंत संपलेलं असेल: 'आय विल हॅव फिनिश्ड'.

आणि शॅल? जॉन वॉलिसने १६५३ साली लिहिलेल्या व्याकरणात 'मी-आम्ही'ला शॅल आणि बाकीच्यांना विल असा नियम दिला. पुढे तो शाळांतून पाठ करून घेतला गेला. आजच्या बोलण्यात तो पाळायची गरज नाही. 'खिडकी उघडू का?' विचारायला 'शॅल आय ओपन द विंडो?' मात्र छान चालतं. करारात आणि कायद्यात शॅल येतो तो बंधन सांगायला.

आता ती चिवट चूक. 'तू येशील तेव्हा मी सांगेन.' मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून 'व्हेन यू विल कम' असं हमखास लिहिलं जातं. इंग्रजीत व्हेन, इफ, आफ्टर, अनटिल यांनी वेळ किंवा अट सांगितली की वाक्याच्या त्या भागात विल येत नाही. वर्तमानकाळच येतो: 'व्हेन यू कम, आय विल टेल यू.'