नुसता स्मॉक की आत ड्रॉवर्सही?

१६व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बहुतेक बायका अंगालगत फक्त लिननचा लांब स्मॉक, म्हणजे सैल सदऱ्यासारखा आतला झगा, घालत. इटलीत मात्र, विशेषतः व्हेनिसच्या गणिकांच्या चित्रांत, घागऱ्याखाली गुडघ्यापर्यंतच्या ड्रॉवर्स, म्हणजे नाडीच्या आतल्या विजारी, दिसतात. थंडीत किंवा घोड्यावर बसताना त्या सोयीच्याच.

रोजच्या वापराला मला तरी स्मॉकच उजवा वाटतो. वरचा लोकरी किंवा रेशमी झगा सहसा धूत नसत. घाम, मळ स्मॉकच टिपून घेई. तो राखेच्या पाण्यात धुऊन उन्हात टाकला की पुन्हा पांढराशुभ्र! शिवाय लघवीला जायचं तर घेर उचलला की झालं. ड्रॉवर्स असतील तर एवढ्या थरांखाली हात घालून नाडी सोडा, पुन्हा बांधा. पाळीच्या दिवसांत मात्र कापडाची घडी जागेवर धरायला त्याच बऱ्या.