पीएस५ की स्विच २? नागपुरात घेत असाल तर

पन्नास-साठ हजार हाताशी असले की सीताबर्डीच्या बाजारात गेम कन्सोलची चौकशी करणाऱ्यापुढे दोन नावं येतात: सोनीचा पीएस५ आणि निन्टेन्डोचा स्विच २. माझं मत आधीच सांगतो. मशीन कुठलं भारी, यापेक्षा कंपनी आपल्या देशात दुकान मांडून बसली आहे का, हे आधी बघा.

घरी टीव्हीला जोडा, बाहेर हातात धरून खेळा, ही स्विचची कल्पना जपानला चपखल बसते. लहान घरं, एकच टीव्ही, रोजचा लांबचा ट्रेनप्रवास. 2017 साली आलेला पहिला स्विच तिथे घरोघरी गेला. सीताबर्डी ते खापरी मेट्रोत मात्र एक लेव्हल संपली तर संपली! सोनीनेही पीएसपी आणि व्हिटा ही हातात धरून खेळायची मशीनं काढून पाहिली. व्हिटा पडला, आणि कंपनी घरातल्या डब्यावरच थांबली. तिचा पोर्टल हातात धरता येतो खरा, पण त्याला वायफाय लागतंच.

आता भारत. पीएस५ इथे 2 फेब्रुवारी 2021 ला रीतसर आला, तेव्हा डिस्कवाला 49,990 रुपयांना होता. वॉरंटी इथली, गेम विकणारं ऑनलाइन स्टोअर रुपयांत. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. म्हणजे माल बाहेरून आलेला, भाव विक्रेत्याच्या मनाचा, आणि बिघडला तर त्याच्याच तोंडाकडे बघायचं. निन्टेन्डोच्या ऑनलाइन ई-शॉपलाही दुसऱ्या देशाचं खातं लागतं.

जपानहून कोणी येत असेल तरी जपून. तिथे स्विच २ दोन प्रकारांत निघाला: 49,980 येनचा आणि 69,980 येनचा बहुभाषी. स्वस्त असलेला फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच खातं लागतं. 2025 च्या शेवटी सोनीनेही 55,000 येनचा असाच जपानी-भाषी पीएस५ काढला. घरच्या बाजारासाठी दिलेली ती सूट आहे, आपल्यासाठी नाही.

उन्हाळ्याचं काय? दोघांनाही 35 अंशांपर्यंतच चालवायला सांगितलंय. मे महिन्यातल्या दुपारी हे वाचून हसूच येतं. पीएस५ कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका, भिंतीला चिकटवूही नका. लाइट गेली तर स्विच बॅटरीवर चालू राहतो, हा त्याचा खरा फायदा.

मुलगा पुण्याला होस्टेलवर असेल, किंवा निन्टेन्डोचे मारिओ-झेल्डा हे गेमच हवे असतील, तर स्विच घ्या, पण बहुभाषी. बाकी सगळ्यांनी पीएस५, आणि तोही डिस्कवाला. डिस्क न घेणारा डिजिटल थोडा स्वस्त पडतो, पण खेळून झालेली डिस्क मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेला गेम नाही.