राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार-पुस्तिका: कोकणातल्या ताटाला लावून पाहिली तर

खोबरेल हृदयाला अमृत, भात म्हणजे विष, कोकमाने चरबी वितळते. एकाच दिवशी एकाच ग्रुपवर तिन्ही फिरतात आणि तिन्हींखाली कुठल्या तरी डॉक्टरचं नाव असतं. ताडून पाहायला काही हवं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक पुस्तिका उघडावी. मे 2024ची आवृत्ती, 17 तत्त्वं, संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट. तिला काही विकायचं नाही, हा पहिला गुण. अंग कमावायला प्रोटीन पावडर घेऊ नका, असं ती स्पष्ट सांगते. इंग्रजी मात्र जड आहे. सगळी वाचायच्या फंदात पडू नका, ताटाचं चित्र तेवढं छापून घ्या.

त्या चित्रात 2000 कॅलरींचा दिवस मांडलाय: धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400, फळं 100, डाळी-अंडी-मासे मिळून 85, दाणे-बिया 35, दूध किंवा दही 300 मिली, तेल-तूप 27 ग्रॅम. वजनं कच्च्या मालाची आहेत, आणि घोटाळा होतो तो इथेच. शिजलेला भात वजनाला अडीच-तीन पट भरतो, त्यामुळे 250 ग्रॅम भात ताटात मोजणारा अर्धपोटी राहतो आणि चार दिवसांत पुस्तिका गुंडाळून ठेवतो. भाकरीचं पीठ, घावनं, आंबोळ्या हेही त्याच 250मध्ये धरायचं. भात विष वगैरे काही नाही. फक्त दोन्ही वेळा डोंगर आणि बाजूला चमचाभर भाजी, हे गणित बसत नाही. उकड्या तांदळाची पेज टाकाऊ समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ही संस्था 1918 साली कुन्नूरला सुरू झाली तीच बेरीबेरीच्या शोधासाठी. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर भागवणाऱ्यांना होणारा हा रोग बी-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. टरफलासकटचा भात (साळ) उकडून मग भरडला की कोंड्यातलं बी-1 दाण्यात मुरतं आणि बरंचसं टिकतं.

नारळाचा हिशेब मात्र आपला आपणच करायचा. 27 ग्रॅम तेल म्हणजे सपाट दोन मोठे चमचे; चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर. आता वाटप (आमटीत घालायचं वाटलेलं ओलं खोबरं) घ्या. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. 80 ग्रॅम चव (खवलेलं खोबरं) घातला की एका माणसाचं दिवसाचं तेल संपलं, फोडणी अजून व्हायचीय! खोबरेलातला 80 टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त चरबीचा, आणि शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना केली तर ते एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं. म्हणून आमटीत वाटप असेल त्या दिवशी बांगडा तळू नका, तिरफळं घालून शिजवा.

मिठाची मर्यादा माणशी 5 ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम. किलोच्या पुडीवर उघडल्याची तारीख लिहा. ती महिन्याच्या आत संपली तर लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी न धरताच तुम्ही मर्यादेबाहेर आहात. खारा बांगडा दोन-तीन पाणी बदलून भिजवावा आणि कालवणात मीठ शेवटी, चव घेऊन घालावं.

हायवेवरच्या ‘वजन घटवणाऱ्या’ कोकम सरबताची बाटली उलटी करून वाचा. 100 मिलीला 80 ग्रॅम साखर लिहिली असेल तर एका पेल्यासाठी ओतलेल्या 30 मिलीत 24 ग्रॅम गेली, आणि पुस्तिका दिवसाला 25च देते. चरबी वितळवायचा दावा कोकमातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लावर उभा आहे. माणसांवरच्या चाचण्यांत त्याचा परिणाम किरकोळ आणि उलटसुलट निघालाय, शिवाय गार्सिनियाच्या (कोकमाच्याच कुळातल्या झाडांच्या) गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आगळाची (बिनसाखरेच्या कोकमरसाची) सोलकढी वेगळी, ती खुशाल प्या. बाटलीवरचा 14 आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा असतो, दावा तपासल्याचा नव्हे.

ही पुस्तिका निरोगी माणसांसाठी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने यातली फळं-भाज्या-डाळींची मापं परस्पर लावू नयेत, शहाळंही डॉक्टरांना विचारूनच प्यावं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि कमी सोडियमच्या मिठातही बहुधा तेच घातलेलं असतं.