आठ महिने, एक सामाईक फाईल आणि 'नको' नावाचा लेयर

आम्ही फोटोंवर फोटो रचायला जे ॲप वापरत होतो, त्याच्या सेवा विभागाकडून गेल्या आठवड्यात चौथं उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं असं, की दिसणाऱ्या चित्रात काहीच फरक पडलेला नाही, त्यामुळे तुमचा डेटा गेला असं धरता येत नाही. ते वाचलं आणि त्याच रात्री हा अनुभव लिहायला बसले.

ॲपचं नाव देत नाही. ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं, एकाच फाईलवर सगळ्यांना एका वेळी काम करता येतं. लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा), ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारा) सगळं आहे. अशी ॲप्स हल्ली बरीच आहेत आणि मी सांगतेय ते त्यांपैकी कुठलंही घेताना उपयोगी पडेल. मी तेरा ते सतरा वर्षांच्या सात मुलामुलींबरोबर काम करते. या वयात आत जे चाललेलं असतं ते फोटोंवर फोटो रचून, सगळ्यांनी मिळून एकाच चित्रात आणायचं, असा आमचा प्रकल्प. महिन्याच्या हिशोबाने महाग पडत होतं म्हणून वर्षाची वर्गणी एकदम भरली. ती चूक झाली.

पण पहिले दोन महिने मी खरंच खूश होते. एका मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री वहीत लिहिलेलं पान स्कॅन केलं, स्वतःच्या चेहऱ्याच्या फोटोवर ठेवलं आणि मोड 'मल्टिप्लाय' केला. या मोडमध्ये पांढरा रंग नाहीसा होतो, गडद तेवढं उरतं. कागद गेला आणि निळी शाई तिच्या गालावर, पापणीवर, ओठांवर उमटली. एक ओळ तिने इतकी गिरवून खोडली होती की ती नेमकी कपाळावरच्या आठीसारखी आली. सातही जण आपापल्या स्क्रीनवर ते एकाच क्षणी बघत होते. पाच मिनिटं कुणी काही टाइप केलं नाही. नंतर एकाने दुसऱ्या टोकाला आपल्या हाताचा फोटो टाकला आणि सावकाश सरकवत तिच्या खांद्यापाशी आणून ठेवला. मास्क करून कडा मऊ केल्या, सावलीची दिशा जुळेना म्हणून फोटो पुन्हा काढला. हे सगळं न बोलता झालं. त्या दिवशी तीन मैत्रिणींना हे ॲप घ्या म्हणून सांगितलं.

आणखी एक गंमतीची वाटेल अशी पण महत्त्वाची गोष्ट. एक मुलगी स्वतःचा फोटो रोज आडवा उलटवून ठेवायची, डावी बाजू उजवीकडे. बाकीचे तो परत सरळ करायचे. तिचं म्हणणं, सरळ फोटोत माझं नाक वाकडं दिसतं. इतरांचं म्हणणं, उलटा केला की ही तू वाटतच नाहीस. १९७७ साली झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं: माणसाला स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडतो, मित्रांना मात्र त्याचा सरळ चेहरा, कारण ज्याला त्याला रोज दिसणारी बाजूच सवयीची. हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. शेवटी तिने दोन्ही चेहरे ठेवले, एकावर एक, दोन्ही पन्नास टक्के अपारदर्शक. चारही डोळे थोडे थोडे चुकलेले. आमच्या चित्रातला सगळ्यात खरा भाग तो आहे.

'जोडून केलेलं दुःख खोटं नाही का?' असं एकाने विचारलं होतं. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून एका मरणासन्न मुलीचं चित्र केलं, तेव्हाही काही लोकांना ते खटकलं होतं. प्रश्न जुना आहे एवढंच मी सांगितलं, उत्तर त्याच्यावर सोडलं.

आता डोळ्याबद्दल. लेयरच्या नावाशेजारी तो छोटा डोळा असतो ना, दाबला की लेयर दिसेनासा होतो, त्याबद्दल. या ॲपमध्ये तो डोळा सामाईक आहे. मला खालचं नीट बघायचं म्हणून मी कुणाचा लेयर बंद केला, तर तो सातही जणांना बंद दिसतो. 'फक्त माझ्यापुरतं लपवा' अशी सोयच नाही. मोठ्यांच्या कामात ही बारीकशी अडचण ठरेल. इथे नाही. चौदा वर्षांच्या मुलाने महिनाभर धीर गोळा करून स्वतःचा फोटो टाकलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत कुणीतरी तो विझवतं. कारण काहीही असो, त्याला कळतं ते एवढंच, की मी नको झालो. दुसऱ्या आठवड्यातच एका मुलीने मला लिहिलं, 'ताई, माझा डोळा तुम्ही बंद केलात का?' मी केला होता, सावली तपासायला. तिची माफी मागितली. हीच तक्रार मी ॲपला तीन वेळा कळवली.

लिहायला बसले तेव्हा या डोळ्यापायीच ॲपच्या रेटिंगमधले दोन तारे कापायचं ठरवलं होतं. पण जुनी संभाषणं चाळताना लक्षात आलं, की तिसऱ्या महिन्यापासून मुलं दर वेळी विचारायला लागली आहेत. 'तुझा दोन मिनिटं बंद करू?' 'कर, पण लगेच उघड.' सोय नव्हती म्हणून विचारावं लागलं. तेव्हा डोळ्यावरचा माझा राग निम्मा मागे घेते. सोय हवीच, पण खरा घात दुसरीकडे झाला.

एका मुलाने सुरुवातीपासून एक लेयर टाकून ठेवला होता, डोळा बंद करून. नाव 'नको'. यादीतल्या नखाएवढ्या चित्रात करड्यावर एक पांढरा ठिपका दिसायचा, बाकी काही नाही. तो कधी उघडायचा नाही हे सगळ्यांनी आपणहून पाळलं. पाचव्या महिन्यात फाईल एकसष्ट लेयरवर गेली आणि जुन्या फोनवर उघडेना. एका मुलीने चांगल्या हेतूने एक प्रत बाजूला काढायच्या ऐवजी मूळ फाईलच 'फ्लॅटन' केली. म्हणजे सगळे लेयर दाबून एक. फोटोशॉपमध्ये असं करताना लपलेले लेयर टाकून द्यायचे का, असं विचारलं जातं. या ॲपने विचारलं नाही. पुढचं काम त्या सपाट चित्रावर नवे लेयर चढवून चालू राहिलं. 'नको' गेला, आणि तो दिसतच नसल्यामुळे गेल्याचं कुणाला कळलं नाही. एकेचाळीस दिवसांनी त्या मुलाने स्वतःच शोधला. जुन्या आवृत्त्या तीस दिवसच ठेवल्या जातात.

तो म्हणाला, 'असू दे.' फ्लॅटन करणारी मुलगी रडली. मी तीन आठवडे सेवा विभागाशी भांडले, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. चौथं उत्तर वर दिलंच आहे. वर्गणीचे उरलेले महिने परत मागितले, तेही नाही म्हणाले.

लेयर मिळाला तो आमच्यातल्याच एका मुलीमुळे. तिने दुसऱ्या महिन्यात घरच्या कॉम्प्युटरवर क्रिता या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये सराव करायला म्हणून पूर्ण फाईल पीएसडी स्वरूपात, म्हणजे सगळे लेयर वेगवेगळे राहतील अशा फोटोशॉपच्या स्वरूपात, उतरवून घेतली होती. क्रिता फुकट आहे, पीएसडी उघडतं. त्यात 'नको' होता. तिने तो उघडून न बघता फक्त त्याला एकट्याला पाठवला. ग्रुपवर टाकला नाही, मलाही नाही. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गणी पुन्हा भरणार नाही. ज्यांना घ्यायचंय त्यांनी आधी चाचणीच्या फाईलमध्ये एक लेयर लपवून फ्लॅटन करून बघा, ॲप विचारतं की नाही ते. जुन्या आवृत्त्या किती दिवस टिकतात ते विचारून घ्या. लहान मुलांचे फोटो असतील तर लिंक असलेल्या कुणालाही फाईल उघडते का, तेही तपासा, आमची सुरुवातीला उघडत होती. आणि दर आठवड्याला पूर्ण पीएसडी स्वतःकडे उतरवून ठेवा. जागा खाते, खाऊ दे.

आता आम्ही क्रितावरच आहोत. एकत्र एका वेळी काम होत नाही, पाळीपाळीने फाईल फिरते आणि वेळ दुप्पट लागतो. परवा ती त्या मुलाच्या पाळीवरून माझ्याकडे आली. यादीत सगळ्यात वर 'नको' आहे, कुलूप लावलेला, डोळा बंद. त्याच्याखाली त्याने एक नवा रिकामा लेयर जोडलाय. त्याला अजून नाव दिलेलं नाही.