कार्य प्रशिक्षण घ्यावं की अप्रेंटिसशिप? आमच्या घरातल्या दोघांचा अनुभव

साधारण एकाच काळात आम्ही दोघं भावंडं सरकारच्या दोन वेगवेगळ्या सेवांमधून गेलो, मी बीकॉम झाल्यावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आणि धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन ट्रेडने आयटीआय करून अप्रेंटिसशिपला, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून. मैत्रिणी आणि त्यांची भावंडं सारखी विचारतात की यातलं काय घ्यावं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. हाताचा ट्रेड असेल तर अप्रेंटिसशिपच घ्या, थोडे पैसे कमी मिळाले तरी घ्या.

आधी माझं सांगते. ही योजना २०२४ मध्ये आली, वय १८ ते ३५, बारावीवाल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ८,००० आणि पदवीला १०,००० विद्यावेतन, मुदत आधी ६ महिने होती ती नंतर ११ केली. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. दिवसा ओटीपी येईपर्यंत पान अडकून बसायचं, रात्री अकरानंतर बसले तर दहा मिनिटांत झालं, त्यामुळे ज्यांना करायचंय त्यांनी रात्रीच करा.

पहिल्या महिन्याचे पैसे मात्र आलेच नाहीत. पासबुक दाखवलं, आधार लिंक आहे, मग अडलंय कुठे तेच कळेना. शेवटी जिल्ह्याच्या कौशल्य विकास रोजगार मार्गदर्शन केंद्रात गेले (बाबा अजून त्याला एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच म्हणतात, त्यांचं कार्ड तिथलंच होतं) तर खिडकीवरच्या मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं, अगं आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, खातं मॅप असणं वेगळं, तुझं कुठलं खातं मॅप आहे ते बँकेत जाऊन बघ. बघितलं तर कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी उघडलेलं जुनं खातं निघालं आणि पैसे त्यात जाऊन पडलेले. त्या मॅडमना माझ्याकडून पाचपैकी पाच, कारण पोर्टलवर ही गोष्ट इतक्या साध्या शब्दांत मला कुठेच सापडली नव्हती.

पैशाचं मार्गी लागलं, पण शिकण्याचं काय? मला एक सरकारी ऑफिस मिळालं. पहिले चार महिने आवक-जावक रजिस्टर आणि रेकॉर्ड रूममधले जुन्या फाईली बांधलेले लाल रुमाल सोडायचे, फाईली वर्षाप्रमाणे लावायच्या, परत गाठी मारायच्या, एवढंच. ज्या साहेबांच्या हाताखाली रुजू झाले त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांना मला नेमकं काय काम द्यायचं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही, कारण काय शिकवायचं हे कुठे लिहूनच दिलेलं नाही. पुढे एका भाऊसाहेबांनी आपणहून जवळ बसवून टिपणी, म्हणजे साहेबांच्या निर्णयासाठी फाईलवर लिहायची नोंद, लिहायला शिकवली, आधी संदर्भ, मग विषय थोडक्यात, मग नियम काय म्हणतो, मग प्रस्ताव. पहिली टिपणी त्यांनी लाल पेनाने जवळजवळ पूर्ण खोडली, पाचवी तशीच्या तशी वर गेली. मी जे काही शिकले ते त्या दोन महिन्यांत. ते भाऊसाहेब नसते तर ११ महिने फक्त हजेरी लागली असती, आणि माझ्यासोबतच्या दोन मुलींचं अगदी तसंच झालं, हे मनाला फार लागतं कारण दोघीही माझ्यापेक्षा हुशार आहेत.

भावाचं उलट. आधी तर एका कंपनीने गेटवरूनच आम्ही अप्रेंटिस घेत नाही म्हणून परत पाठवलं. त्याच्या आयटीआयच्या सरांनी सांगितलं की १९६१ च्या कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, ही माहिती बहुतेक पोरांना नसते आणि ती निमूट परत येतात. सरांनीच दुसरीकडे, इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कंपनीत त्याला पाठवलं, अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार झाला, प्रत हातात मिळाली. २०१९ च्या नियमात आयटीआय पासला किमान ७,००० होते, याला साडेआठ मिळाले.

पहिले पंधरा दिवस फक्त वायरला लग क्रिम्प करणं, म्हणजे वायरच्या टोकाला धातूचं टोक दाबून घट्ट बसवणं. फोरमन काका प्रत्येक वायर हाताने ओढून बघायचे, जरा जरी सरकली की कापून परत. बोटांना फोड आले होते त्याच्या, रोज रात्री आई खोबरेल तेल लावायची. मग ड्रॉइंग वाचणं, मग मोठी मोटर सुरू करणाऱ्या स्टार डेल्टा स्टार्टरचं वायरिंग, आणि तिसऱ्या महिन्यात त्याने एकट्याने पूर्ण वायरिंग केलेला पॅनल पहिल्याच टेस्टला पास झाला, त्या दिवशी घरी येऊन मला तीन तीनदा सांगत होता ताई एकही लूज नव्हती. दर आठवड्याला काय काम केलं ते डायरीत लिहायचं, त्यावर सही व्हायची, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र. करार, अभ्यासक्रम, परीक्षा हे तिन्ही असल्यामुळे शिकवणं कुणाच्या मर्जीवर राहत नाही, फरक पडतो तो इथे.

अर्थात सगळीकडे असं नाही, त्याच्याच बॅचच्या एका मुलाला दुसऱ्या कंपनीत नुसता माल उतरवायला लावायचे. तो करार न बघताच रुजू झाला होता, ती चूक करू नका, करारावर तुमचा ट्रेड लिहिलाय का ते आधी वाचा.

अप्रेंटिसशिपला पाचपैकी साडेचार, माझ्या योजनेला तीन, आणि ते तीन गुणसुद्धा, पैसे वेळेवर यायला लागले आणि भाऊसाहेब भेटले म्हणून. ज्यांना योजनेतच जायचंय त्यांनी रुजू व्हायच्या दिवशीच साहेबांना विचारा, मला कोणतं टेबल देणार आणि कोण शिकवणार, आणि उत्तर मिळालं नाही तर आठवड्याने परत विचारा. मी हे चार महिन्यांनी विचारलं.